मनाची नाडी कोणाच्या हातीं?

गेल्या आषाढांतील गोष्ट. पावसाची झड लागलेली होती. रात्रीं दोनच्या सुमारास मी पाणी पिण्यास उठलों, तों बाहेरच्या खोलींत माझी पुतणी भिंतीला टेकून बसलेली दिसली. दिवा नव्हता, पण तिच्या मनगटावरील घड्याळाखालून हिरवट प्रकाशाची एक रेघ मिणमिणत होती. "झोप येत नाहीं कां ग?" मीं विचारलें. ती म्हणाली, "येईल, काका. तुम्ही निजा." आणि मी निजलों. शिक्षकी पेशांत छत्तीस वर्षें काढलेल्या माणसानें एवढ्याशा उत्तरावर समाधान मानावें, याचें आज वाईट वाटतें. परंतु त्या रात्रीं मानलें खरें.

आमचें बिऱ्हाड गिरगांवांतील एका जुन्या चाळींत आहे. दोन खोल्या, त्यांत आमची नव्वदी गांठलेली आई, मी व माझी पत्नी, धाकटे बंधु व भावजय, आणि त्यांची ही तेवीस वर्षांची मुलगी. ती परळकडे, जेथें पूर्वीं गिरण्यांचीं धुराडीं दिसत तेथें आतां उभ्या राहिलेल्या एका कांचेच्या इमारतींत, हिशेबाचें काम करते. वरील प्रसंगानंतर आठ-दहा दिवसांनीं तिच्या आईच्या हातीं तिचा मोबाइल सहज लागला. त्यांत महिन्याचें एक पान उघडें राहिलें होतें. प्रत्येक तारखेच्या चौकोनांत एक इवलासा चेहरा. आज मन कसें होतें, हें त्या चेहऱ्यानें नोंदवावयाचें, अशी ती योजना. अख्ख्या महिन्यांत हंसरे चेहरे तीनच निघाले. बाकी सारे उतरलेले, आणि कांहीं तर रडवेले.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत सभा भरली. बंधु म्हणाले, "दादा, हल्लीं अशी सोय आहे कीं या घड्याळाचे आंकडे आपल्याहि मोबाइलवर यावेत. हिची झोप, हिची नाडी, हिचें मन, सगळें आपल्याला घरबसल्या दिसत राहील." मला तें पटलें. मीं मान डोलाविली. मुलगी इतका वेळ गप्प होती. ती आवाज न चढवितां म्हणाली, "बाबा, तुम्हांला दिसूं लागलें तर उद्यांपासून मी रोज हंसरा चेहरा दाबीन."

सभा तेथेंच संपली. त्या एका वाक्यानें मात्र मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. ज्या वहींत खोटें लिहावेंसें वाटूं लागतें ती रोजनिशी राहत नाहीं. तिचा हजेरीपट होतो. आणि हजेरीपटावर 'उपस्थित' असलेल्या मुलांचें मन वर्गांत असतेंच असें नाहीं, हें माझ्याइतकें कोणास ठाऊक असणार? तेव्हां या नव्या साधनांची माहिती करून घ्यावी, आणि तीं वापरणाऱ्या तरुण मंडळींस त्यांविषयीं काय वाटतें तें त्यांच्याच तोंडून ऐकावें, असें मीं ठरविलें. पुढील तीन-चार महिन्यांत जुने विद्यार्थी, त्यांचे मित्र, शेजाऱ्यांचीं मुलें अशा दहा-बारा जणांशीं सवडीनें बोललों. ही कांहीं शास्त्रीय पाहणी नव्हे. एका निवृत्त मास्तरानें ऐकून घेतलेल्या या गोष्टी आहेत, एवढेंच वाचकांनीं समजावें.

हीं साधनें करतात काय?

यांचे ढोबळ मानानें तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार मोजणाऱ्यांचा. मनगटावरचें घड्याळ कातडींत हिरवा प्रकाश सोडतें. रक्त हा प्रकाश शोषून घेतें. नाडीचा ठोका पडतांच मनगटांतील रक्त क्षणभर वाढतें आणि परत येणारा प्रकाश तितका कमी होतो. त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. हाताची हालचाल ओळखणारा आणखी एक भाग त्यांत असतो. ठोके मंदावले आणि हात स्थिर राहिला, कीं मनुष्य झोपीं गेला असा तर्क घड्याळ बांधतें. हा तर्कच होय. निद्रेची खरी परीक्षा मेंदूंतील विद्युत्-लहरी तपासून करावी लागते. मोबाइलहि मुकाट्यानें पुष्कळ कांहीं टिपूं शकतो: धनी दिवसांत किती हिंडला, किती बोलला, रात्रीं कितीदां जागा झाला. अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत २०१३ सालीं ४८ विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरून अशा नोंदी दहा आठवडे घेण्यांत आल्या. सत्र पुढें सरकूं लागलें आणि अभ्यासाचें ओझें वाढलें तसतसा ताण वाढत गेला, आणि झोप, हिंडणें-फिरणें व बोलणें-चालणें कमी होत गेलें, असें त्या आंकड्यांतून दिसून आलें.

दुसरा प्रकार विचारणाऱ्यांचा. चेहरे दाबण्याची ती वही याच प्रकारांतली. याहून अधिक पद्धतशीर अशी नऊ प्रश्नांची एक यादी जगभर डॉक्टर वापरतात. तिला 'पीएचक्यू-९' म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस वाटला कां, झोप लागली कां, भूक कशी होती, स्वतःविषयीं वाईट विचार आले कां, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, आणि एकूण २७. आमच्या परीक्षांच्या उलट येथें गुण वाढले कीं काळजी वाढते. दहा किंवा त्याहून अधिक झाले तर तज्ज्ञांकडून नीट तपासणी व्हावी असा संकेत आहे. ही यादी दिशा दाखविते; निदान डॉक्टरनेंच करावयाचें.

तिसरा प्रकार बोलणाऱ्यांचा. आपण लिहावें आणि यंत्रानें उत्तर द्यावें. हा प्रकार वाटतो तितका नवा नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनीं १९६६ मध्यें 'एलायझा' नांवाची अशी एक रचना प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचींच वाक्यें थोडीं फिरवून प्रश्नाच्या रूपानें परत करणें, एवढेंच तिचें कसब. पण प्राध्यापकांच्या स्वतःच्या चिटणीस बाई तिच्याशीं बोलूं लागल्या, आणि थोड्याच वेळांत त्यांनीं प्राध्यापकांस खोलीबाहेर जाण्यास सांगितलें! रचना करणाराच त्या प्रकारानें अस्वस्थ झाला, आणि पुढें १९७६ मध्यें त्यांनीं यंत्रावर किती विसंबावें याविषयीं इशारा देणारें पुस्तक लिहिलें. आज बेंगळुरूंत जन्मलेलें 'वायसा' नांवाचें ॲप अशाच संवादासाठीं देशोदेशीं वापरलें जातें. त्याखेरीज, सर्व प्रकारचीं उत्तरें देणारीं जीं नवीं बोलकीं यंत्रें निघालीं आहेत, त्यांपाशीं आपलें दुःख सांगणारेहि तरुण पुष्कळ आहेत.

चिटणीस बाईंनीं प्राध्यापकांस बाहेर कां जावयास सांगितलें असेल? यंत्रास सांगण्यांत लाज नव्हती. ऐकणारा मनुष्य जवळ उभा होता, त्याची लाज होती. आपल्या तरुणांचें मत समजून घेण्यास मला हा प्रसंग फार उपयोगी पडला.

चाळींतील पहारा

"आमच्या वेळीं हें असलें कांहीं लागत नसे," असें आपल्यापैकीं अनेकजण म्हणतात. मीहि म्हणत असें. चाळ हेंच मोठें यंत्र होतें, असा माझा युक्तिवाद असे. सामाईक गॅलरी, दिवसभर उघडीं दारें, एकाच नळावरील पाणी. कोणाचा दिवा किती वाजेपर्यंत जळत होता आणि कोण जेवला नाहीं, हें चाळीस बिऱ्हाडांस ठाऊक. अशा ठिकाणीं कोणाचें मन बिघडलें तर लपेल कसें?

लपत नसे, हें खरें. पण त्याचा उपयोग काय झाला, याची मला स्वतःस एक आठवण आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. १९७९ सालची गोष्ट. आमच्याच मजल्यावरील एक मुलगा माझ्याबरोबर जुन्या अकरावीला मॅट्रिक झालेला होता. मी पुढें शिकलों नाहीं. तो हुशार, म्हणून महाविद्यालयांत गेला. त्या वर्षीं पावसाळ्यानंतर त्यानें कॅरम खेळणें सोडलें. मग दाढी करणें सोडलें. तिसऱ्या जिन्यावर तो तासन् तास बसून राही. त्याची आई ताट वाढून हांका मारी, त्या साऱ्या चाळीस ऐकूं येत. आम्ही सर्वांनीं पाहिलें. नळावर त्याविषयीं बोललों, गॅलरींत बोललों, एकमेकांस बातमी दिली. त्याला मात्र कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मी रोज त्या जिन्यावरून उतरतांना "काय, कसें काय?" म्हणत असें, आणि उत्तर येण्यापूर्वींच खालच्या मजल्यावर पोंचत असें. दिवाळीच्या तोंडावर तो घरांतून निघून गेला. तो परत आला नाहीं. त्याची आई पुढें सोळा वर्षें जगली, आणि त्या सोळा वर्षांत तिनें रात्रीं दाराला आंतून कडी लावली नाहीं.

चाळीचा पहारा कडक होता. पण पाहणें निराळें आणि विचारणें निराळें; आणि विचारून उत्तरासाठीं थांबणें तर त्याहून निराळें. घड्याळाच्या आंकड्यांवर बापाचा डोळा बसविण्याची बंधूंची सूचना मला कां पटली होती, हें आतां माझ्या ध्यानांत येतें. तीहि गॅलरींतूनच पाहण्याची रीत होती.

तरुण काय म्हणतात?

लालबागचा एक मुलगा हिशेबतपासनिसाच्या परीक्षेचा अभ्यास करतो. त्याचे आजोबा गिरणींत साचेवाले होते; १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर ते पुन्हां कामावर गेले नाहींत. दहा बाय बाराच्या खोलींत सहा माणसें. तो मला म्हणाला, "सर, आमच्या घराला एकच दार, आणि तेंहि दिवसभर उघडें. कडी लागते असें माझें एकच दार आहे, तें म्हणजे हा मोबाइल." रात्रीं सर्व निजल्यावर तो त्यांत मनांतलें लिहितो. यंत्राला तें समजतें असें त्याला वाटतें कां, असें मीं विचारलें. "नाहीं. पण तें 'अरे देवा' म्हणत नाहीं, आणि मावशीला फोन करीत नाहीं."

दादरच्या हिंदु कॉलनींत मामाकडे राहून अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीचें मत अगदीं उलट. तिनें दोन महिन्यांत घड्याळ काढून टाकलें. सकाळीं उठल्यावर आपल्याला बरें वाटतें आहे कीं नाहीं, हें ती स्वतःला न विचारतां घड्याळाला विचारूं लागली होती. घड्याळानें झोप वाईट सांगितली कीं दिवस वाईट जाई. हा अनुभव तिच्या एकटीचा नाहीं. झोपेचे आंकडे सुधारण्याच्या चिंतेनेंच झोप उडालेले रुग्ण अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांस आढळले, आणि २०१७ मध्यें त्यांनीं या त्रासाला 'ऑर्थोसोम्निया' असें नांव सुचविलें.

परळच्या एका रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेणारी एक मुलगी म्हणाली, "मानसोपचार विभागाच्या रांगेंतले पुष्कळ लोक घरीं 'डोळे तपासायला जातों' म्हणून सांगून येतात. डॉक्टर विचारतात, हें केव्हांपासून? तें त्यांना आठवत नाहीं. अशा वेळीं दोन आठवड्यांची नोंद जवळ असली तर फार उपयोग होतो." मग थोडें थांबून ती म्हणाली, "पण आंकडा पाहून पुढें कोणी कांहीं करणार नसेल, तर तो माणसाला आणखी एकटें पाडतो."

गिरगांवांतीलच एका नोकरदार तरुणाला त्याच्या कचेरीनें असें एक ॲप फुकट देऊं केलें. त्यानें तें घेतलें नाहीं. "वरिष्ठांना कांहीं कळणार नाहीं असें ते म्हणतात. कळलें तर मला कळणार आहे कां?" बढतीच्या वेळीं आपल्या मनाचा कागद कोणाच्या टेबलावर असेल, ही त्याची धास्ती. दोघां मुलींनीं लग्नाचा प्रश्न काढला. पत्रिकेबरोबर उद्यां ही वहीहि मागतील, असें एकीनें हंसत म्हटलें. तें हंसणें फारसें खरें नव्हतें.

माझ्या पुतणीची तक्रार आणखी निराळी, आणि भाषेच्या मास्तराला ती विशेष लागली. ती म्हणाली, "काका, तें ॲप मला इंग्रजींत चार-पांच शब्द देतें, त्यांतला एक निवडायचा. मला काय होतें तें त्यांत नसतेंच." मग आम्ही दोघांनीं बसून शब्दांची यादी केली: हुरहुर, धास्ती, घुसमट, उबग, कासाविशी, खिन्नता, बेचैनी, जीव घाबरा होणें, मन न लागणें, कशांतच राम न वाटणें, नुसतें कसेंसेंच होणें. हुरहुर आणि धास्ती यांत किती अंतर आहे! पहिलींत कोणाची तरी वाट असते, दुसरींत भय. उबग आलेल्या मनुष्याला विश्रांति हवी असते, आणि घुसमटलेल्याला दार हवें असतें. अशी यादी करतां करतां ती एकाएकीं थांबली आणि 'घुसमट' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हें." वर्षभरांत तिनें मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

साऱ्यांच्या बोलण्याचें तात्पर्य पाहिलें तर साधनांविषयीं त्यांचें एकमत नाहीं. कोणाला तीं हवींत, कोणाला नकोत. पण दोन गोष्टींविषयीं सारे एका सुरांत बोलले. किल्ली आमच्या हातीं असावी, ही पहिली. आणि वहीच्या शेवटीं कोणीतरी मनुष्य असावा, ही दुसरी.

घरांत सांगतां येत नाहीं तें परक्यास सांगावें, ही ओढ आजच्याच पिढीची आहे असें समजणें चूक होईल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें याच गिरगांवांत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें, आणि १९५३ मध्यें त्यांचें निधन होईपर्यंत तें चालविलें. वडील माणसांसमोर ज्यांचा उच्चारहि करतां येत नसे असे प्रश्न वाचक त्यांस पत्रानें विचारीत, आणि ते मासिकांतून स्पष्ट उत्तरें देत. कर्व्यांचीं सर्व मतें मान्य असोत वा नसोत, आपल्याच घरांतील तरुण तेव्हां टपालाच्या पेटींत मन मोकळें करीत होते, एवढें तरी कबूल केलें पाहिजे. तेव्हां टपाल होतें. आज मोबाइल आहे. पाकीट उघडणारा मनुष्य मात्र तेव्हां दुसऱ्या टोकाला होता.

वहीचा मालक कोण?

किल्लीचा प्रश्न केवळ रुसव्याफुगव्याचा नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें निर्णय दिला कीं खासगीपण हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. त्याच वर्षीं झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीविषयींची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क त्याच्या २३ व्या कलमानें दिला आहे. पुढें २०२३ मध्यें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठीं निराळा कायदाहि संसदेनें केला.

कायदे झाले तरी सावधगिरी सोडूं नये. अमेरिकेंत 'बेटरहेल्प' ही कंपनी संगणकावरून समुपदेशन पुरविते. लोकांनीं विश्वासानें दिलेली माहिती जाहिरातीसाठीं फेसबुकसारख्या कंपन्यांच्या हातीं दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्यें तेथील सरकारी आयोगानें तिला ७८ लाख डॉलर भरावयास लाविले. तेव्हां फुकट मिळणारें ॲप घेण्यापूर्वीं तें माहिती कोणास देतें, आणि ती पुसून टाकतां येते कां, हें पाहिलें पाहिजे. आपण घरांतील वडील मंडळी जर मुलांची वही चोरून वाचूं लागलों, तर कंपन्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाहीं, हेंहि येथेंच सांगून टाकतों.

वहीच्या शेवटीं मनुष्य

आतां दुसरी अट. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत मोठी पाहणी केली. प्रौढांपैकीं १०.६ टक्के लोकांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें तींत आढळलें. आणि विकाराच्या प्रकारानुसार शंभरांतील ७० ते ९२ जणांना उपचार मिळतच नव्हते. देशांत लाख लोकांमागें एक मानसोपचारतज्ज्ञ देखील भरत नाहीं. अशा स्थितींत यंत्राची मदत नको म्हणणें हा हट्ट ठरेल. पण यंत्र आणि तज्ज्ञ यांच्यामध्यें ऐकून घेणारें माणूस उभें करतां येतें, हेंहि दिसून आलें आहे. गोव्यांत वैद्यकीय पदवी नसलेल्या साध्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचें शिक्षण देऊन सरकारी दवाखान्यांत बसविलें, तेव्हां उदासीनता व चिंता यांनीं ग्रासलेल्या रुग्णांस त्याचा गुण आल्याचें २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत नमूद आहे. ऐकणें ही शिकतां येण्यासारखी विद्या आहे, हा त्याचा अर्थ.

आपल्या परंपरेला हें अपरिचित नाहीं. चरकाचार्यांनीं औषधाचे तीन प्रकार सांगतांना तिसरा 'सत्त्वावजय' सांगितला आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरणें असा त्याचा आशय. आणि गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुनाच्या शरीराचीं सारीं लक्षणें तेथें नोंदलेलीं आहेत: तोंडाला कोरड, अंगाला कंप, कातडीचा दाह, हातांतून गळणारें धनुष्य. आजचें घड्याळ त्याच्या मनगटावर असतें तर त्यानें हें बरेंचसें टिपलें असतें. पण समोर उभे आहेत ते आपलेच आजे, गुरु, भाऊ आहेत, हें कारण कोणत्या घड्याळानें टिपलें असतें? तें अर्जुनानें स्वतः सांगितलें. सांगितलें, कारण रथावर जो जवळ बसला होता तो सखा होता. आणि ऐकणाऱ्यानें पहिला अध्याय संपेपर्यंत त्याला बोलूं दिलें. एवढी मोठी गीता सांगावयाची होती, तरी आधीं त्याचें ऐकून घेतलें. आम्ही वडील मंडळी बहुधा दुसऱ्या अध्यायापासूनच आरंभ करतों.

आमच्या घरीं काय झालें?

बंधूंनीं आपली मागणी मागें घेतली. त्यांस तें सोपें गेलें नाहीं. बापाचें मन आहे. "पण मला कळणार कसें?" असें ते पुन्हां पुन्हां म्हणत. शेवटीं मुलीनेंच तोड काढली. वही तिची, ती कोणी उघडणार नाहीं. पण सलग पांच दिवस चेहरे वाईट आले तर ती आपण होऊन घरांतील एका माणसाला तसें सांगेल. तें माणूस तिनें निवडावें, असें ठरलें. तिनें मला निवडलें. कां, असें मीं विचारलें नाहीं.

भाद्रपदांत एका संध्याकाळीं ती म्हणाली, "काका, पांच झाले." दुसऱ्या दिवशीं मी तिच्याबरोबर परळच्या एका रुग्णालयांत गेलों. रांगेंत दोन तास गेले. मी बाहेर बाकावर बसलों. आंत काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. परतीच्या वाटेवर तिनें एवढेंच सांगितलें, कीं डॉक्टर बाईंनीं मोबाइलमधील तें महिन्याचें पान मिनिटभर पाहिलें, मग मोबाइल पालथा ठेवला आणि विचारलें, "आतां सांग, काय होतें?" आज ती औषध घेते, आठवड्यानें समुपदेशकाकडे जाते. पूर्ण बरी झाली असें मी म्हणणार नाहीं. पण रात्रीं जाग आली कीं आतां ती कधींकधीं मला हांक मारते.

या सर्वांतून मला जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवतों. तरुणानें अशी वही ठेवली तर ठेवूं द्यावी. नको म्हणाला तर लादूं नये. ती चोरून वाचूं नये, आणि वाचण्याची परवानगी प्रेमाच्या धाकानें मिळवूं नये. आंकडा हें निदान समजूं नये. एकच अपवाद: मूल "जगावेंसें वाटत नाहीं" असें बोललें, लिहिलें, अथवा तशी शंका आली, तर गुप्ततेचा संकोच बाजूस ठेवून त्याला सरळ विचारावें, एकटें सोडूं नये, आणि त्याच दिवशीं डॉक्टरकडे न्यावें. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठींतहि आणि विनामूल्य बोलतां येतें. हा क्रमांक घरांतील सर्वांच्या मोबाइलमध्यें नोंदवून ठेवावा. आमच्या घरीं तो कालनिर्णयाच्या पानावरहि लिहून ठेवला आहे, कारण आईला मोबाइल वापरतां येत नाहीं.

आणि शेवटची गोष्ट मी स्वतःस बजावतों. जिन्यावर कोणी बसलेलें दिसलें तर "कसें काय?" विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत त्याच पायरीवर थांबावें.